चिकोरिटावरचा शिक्का

१९९९ साली जपानमध्ये 'पोकेमॉन गोल्ड' आणि 'सिल्व्हर' हे खेळ आले. सुरुवातीला मिळणाऱ्या तिघांत चिकोरिटा सर्वांत दुबळी, हा शिक्का अजून पुसलेला नाही. कारण उघड आहे. पहिला जिमप्रमुख फॉकनर पक्षी पाळतो, दुसरा बग्सी कीटक. दोन्ही गवती पोकेमॉनवर भारी. फॉकनरसाठी डार्क केव्हमधला दगडी जिओड्यूड सोबत घ्यावा. बग्सीच्या सायथरचा 'फ्युरी कटर' लागोपाठ बसला की दुप्पट होत जातो. पण बाराव्या पातळीवर चिकोरिटा 'रिफ्लेक्ट' शिकते. त्या खेळात कीटकांचे वार शारीरिक मानले जात आणि ही ढाल पाच फेऱ्या त्यांची इजा निम्म्यावर आणते. तिची पहिली परीक्षाच तिच्याविरुद्ध रचलेली होती. अशा निकालावरून कुणाचाही इतिहास लिहू नये.