व्होस्तोकची प्रतिकृती आणि पाठाचा प्रश्न

12 एप्रिल 1961 रोजी युरी गागारिन ज्या अग्निबाणाने अवकाशात गेले, तो संपूर्ण अग्निबाण बाहेरच्या जगाला प्रथम पाहायला मिळाला तो 1967 साली, पॅरिसजवळच्या ल बुर्जे येथील हवाई प्रदर्शनात. मधल्या सहा वर्षांत गागारिन यांचा हसरा चेहरा जगभर पोचला. त्यांना वर नेणारे यंत्र मात्र पडद्याआडच राहिले. ‘व्होस्तोक’ची शंभरास एक या प्रमाणातली प्रतिकृती करायला आम्ही बसलो, तेव्हा हा तपशील आम्हांला केवळ गमतीचा वाटला होता. काम सरकू लागले तसा तोच मुख्य प्रश्न होऊन बसला.

मापांची अडचण नव्हती. मूळ उंची सुमारे 38 मीटर, म्हणजे आमच्या मेजावर 38 सेंटिमीटर. मधला खांब आणि त्याला चहूबाजूंनी टेकलेले चार निमुळते खंड. पाचांपैकी प्रत्येकाच्या तळाशी चार मुख्य ज्वलनकक्ष, शिवाय दिशा सांभाळणारे एकूण 12 छोटे कक्ष. अशी 32 तोंडे लाकडातून कातून काढताना हात भरून येतात आणि इतकी कशाला, असा प्रश्न पडतो. एकाच मोठ्या कक्षातले ज्वलन स्थिर राखणे अवघड होते, म्हणून ग्लुश्को यांच्या अभियंत्यांनी ते चार कक्षांत वाटले. आणि एवढा जोर हवा होता, कारण हे वाहन मुळात आर-7 हे अण्वस्त्र वाहून नेणारे क्षेपणास्त्र होते. ते दडवले गेले तेही त्याचसाठी.

रंगापाशी येताच पाठभेद सुरू झाले. मॉस्कोच्या प्रदर्शन मैदानावर उभे आहे ते पाहणाऱ्यांसाठी रंगवलेले रूप. उड्डाणाच्या चित्रफितीत द्रवरूप प्राणवायूच्या टाक्यांवर हिम साचून अंगाचा बराच भाग पांढरा झालेला दिसतो; त्याखालचा रंग झाकलेला. सुबक, पूर्ण पण उत्तरकालीन प्रत स्वीकारावी, की अस्पष्ट पण समकालीन? हस्तलिखितांच्या अभ्यासकाला हा पेच परिचित आहे. मात्र लिहिताना मोघम राहता येते. हाती कुंचला घेतला की एक रंग निवडावाच लागतो. आम्ही हिमासकटचा 1961 चा पाठ निवडला.

खरी कसोटी बैठकीवरच्या नामपट्टीने घेतली. या अग्निबाणाचे मुख्य रचनाकार सर्गेई कोरोल्योव यांना 1938 मध्ये अटक होऊन कोलिमाच्या सोन्याच्या खाणीत धाडण्यात आले होते. त्याच राज्यसत्तेसाठी त्यांनी पुढे हे यंत्र उभारले. पण जानेवारी 1966 मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत त्यांचे नाव तिने जाहीर होऊ दिले नाही. प्रतिकृती 1961 शी प्रामाणिक ठेवायची, तर हे नाव तिच्यावर कोठेच येऊ नये. सत्याशी प्रामाणिक राहायचे, तर तेच आधी यावे.

आम्ही संपादकांची जुनी रीत पत्करली: संहितेला हात लावायचा नाही, टीप खाली द्यायची. अग्निबाण निनावी ठेवला. बैठकीवर कोरोल्योव यांचे नाव घातले आणि त्यापुढे ते प्रकट झाल्याचे वर्ष, 1966. पाहायला येणारे ते उड्डाणाचे वर्ष समजून आम्हांला चूक दाखवतात, आणि मग सगळे पहिल्यापासून सांगावे लागते.