उजेडाची उसनवारी

छायाचित्रणाचा इतिहास हा बव्हंशी उजेडाच्या टंचाईचा इतिहास आहे. उजेड अपुरा पडला तर काय करावे? एक वाट दिवे लावण्याची. दुसरी वाट मोठ्या भिंगाची. १९२८ साली एरिख सालोमन यांनी जर्मनीतील न्यायालयात लपवून नेलेल्या कॅमेऱ्याने चालू खटल्याची छायाचित्रे घेतली, ती या भिंगाच्याच बळावर. तिसरी वाट मात्र डार्करूममधून जाते. फिल्मला उजेड कमी द्यावयाचा आणि ती धुताना डेव्हलपरचे काम नेहमीपेक्षा अधिक वेळ चालू द्यावयाचे. यालाच छायाचित्रकार फिल्म ‘पुश’ करणे म्हणतात.

यात जादू काही नाही. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण असतात. ज्या कणावर पुरेसा उजेड पडतो त्यावर एक अदृश्य खूण उमटते, आणि डेव्हलपर त्या कणाची काळी चांदी करतो. वेळ वाढविला म्हणजे निगेटिव्हवरचे फिके भाग गडद होतात. परंतु जेथे उजेड पोहोचलाच नाही तेथे रसायनाने काही निर्माण होत नाही. चेहरा हाती लागतो, पण कोटाच्या घड्या अंधारात बुडतात. मधल्या करड्या छटा ओसरतात आणि दाणे डोळ्यांत भरतात. ही उसनवारी आहे, आणि तिचे व्याज सावल्यांना भरावे लागते.

हे व्याज कोणी जाणूनबुजून पत्करले तर काय घडते, हे १९५९ च्या उन्हाळ्यात पॅरिसमध्ये दिसले. जाँ-ल्युक गोदार हा तरुण दिग्दर्शक आपला पहिला मोठा चित्रपट करीत होता. जगात तो ‘ब्रेथलेस’ या नावाने ओळखला जातो. स्टुडिओ नको, दिव्यांचा पसारा शक्यतो नको, असा त्याचा आग्रह. कॅमेरा होता राऊल कुतार यांच्याकडे. इंडोचायनात त्यांनी वृत्तछायाचित्रकाराचे काम केले होते. मिळेल त्या उजेडात काम उरकण्याची सवय त्यांना तेथलीच.

रात्रीच्या पॅरिससाठी सिनेमाची फिल्म पुरेशी तेज नव्हती. इल्फर्ड कंपनीची एच.पी.एस. ही ४०० ए.एस.ए.ची फिल्म तेज होती, परंतु ती साध्या कॅमेऱ्यासाठी, साडेसतरा मीटरच्या तुकड्यांत मिळे. सिनेमाच्या गतीने असा तुकडा सुमारे ३८ सेकंदांत संपतो. तेव्हा तुकडे एकमेकांना जोडण्यात आले. तिची छिद्रे सिनेमाच्या फिल्मशी तंतोतंत जुळत नसत. कॅमेफ्लेक्स या कॅमेऱ्यात मात्र ती चालून गेली. तो कॅमेरा आवाज फार करी, म्हणून संवाद मागाहून भरावे लागले.

पुढची अडचण धुण्याची. मोठ्या प्रयोगशाळांत सर्वांची फिल्म एकाच द्रावणातून, ठरल्या गतीने जाते. एका चित्रपटासाठी ती घडी कोण मोडणार? जी.टी.सी. या प्रयोगशाळेत चाचण्यांपुरते एक लहान यंत्र होते, ते कामी आले. फेनिडोनच्या डेव्हलपरमध्ये फिल्म धुऊन तिच्याकडून ८०० ए.एस.ए.चे काम घेण्यात आले. म्हणजे निम्म्या उजेडात भागले.

दाणे उमटले, सावल्या बुडाल्या; परंतु शाँझेलिझेवर संध्याकाळी रस्त्याचे दिवे लागतात तो क्षण त्याच दिव्यांच्या उजेडात टिपता आला. १९६० साली चित्रपट प्रदर्शित झाला. त्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात दिग्दर्शनाचे पारितोषिक गोदारला मिळाले. स्टुडिओच्या मापाने जो दोष ठरला असता, तोच प्रेक्षकांना खरेपणाची खूण वाटू लागला.

आमच्या मते येथे एक विवेक मात्र राखावयास हवा. दाणेदारपणा आला म्हणजे सत्य आले, असे नव्हे. कुतार यांनी दाणे मागितले नव्हते. रस्त्यावर मोकळेपणाने फिरता यावे म्हणून त्यांनी ते सोसले. आज मोबाईलच्या कॅमेऱ्यात काळोखातले चित्र उजळते, तेव्हाही क्षीण संकेत वाढविताना त्यातला गोंधळ वाढतो आणि तो मग हिशेबाने झाकावा लागतो. साधन बदलले, सौदा तोच राहिला. चित्रातले काय अंधारात सोडावयाचे, हे ठरविण्याची जबाबदारी छायाचित्रकाराचीच आहे. डेव्हलपरची ती कधीच नव्हती.