एकाच विषाणूची आठ व्हर्शन्स

हेपटायटिस सी ला १९८९ पर्यंत धड नावही नव्हतं. रक्त दिल्यावर होणारी, ए नाही आणि बी पण नाही अशी कावीळ, एवढीच त्याची ओळख. (आपण बग रिपोर्टमध्ये शेवटी 'अदर' निवडतो ना, तसंच.) १९८९ मध्ये कायरॉन कंपनीच्या मायकेल हॉटन आणि सहकाऱ्यांनी विषाणूचा जनुकीय तुकडा हाती लावला, आणि लवकरच लक्षात आलं की हा एक नाहीच. दोन मुख्य प्रकारांच्या आरएनएत तीसेक टक्के अक्षरं वेगळी!

मग काय बिघडलं? बरंच काही. इंटरफेरॉनच्या जमान्यात, विशेषतः २००० नंतर, प्रकार १ असेल तर साधारण ४८ आठवडे इंजेक्शनं आणि प्रकार २ किंवा ३ असेल तर २४. ताप, अंगदुखी, नैराश्य सगळं सोबत. म्हणजे लॅबचं एक उत्तर चुकलं की पेशंटचं अर्धं वर्ष फुकट.

१९९२ मध्ये जपानच्या ओकामोटोंनी प्रत्येक प्रकाराला वेगळा प्रायमर लावला. पीसीआरनंतर तुकड्याची लांबी बघायची, प्रकार कळतो. एडिंबरोच्या सिमंड्स वगैरे मंडळींनी एन्झाइमने तुकडे कापून बघितले. १९९३ मध्ये बेल्जियममधून पट्टीची चाचणी आली: पट्टीवर ओळीने प्रोब चिकटवलेले, पेशंटच्या नमुन्यातल्या आरएनएपासून बनवलेला डीएनए जिथे जुळेल तिथे जांभळट रेघ. रेघांचा नमुना तक्त्याशी ताडून बघा, झालं. सोपं असल्याने हेच जगभर पसरलं.

पण खरी गोम पुढे आहे. एडिंबरोची आणि ही पट्टीची पद्धत वाचायची जीनोमचं सुरुवातीचं टोक. का, तर ते सगळ्या प्रकारांत जवळपास सारखं, त्यामुळे कुठलाही विषाणू पकडीतून सुटत नाही. अहो, पण सारखं आहे म्हणूनच तर तिथे फरक कमी! १ए आणि १बी मधला फरक त्या टोकाला बहुतेकदा एका अक्षराचा. व्हिएतनाम-थायलंडकडचे प्रकार ६ चे काही उपप्रकार तर चक्क प्रकार १ म्हणून नोंदले जायचे. फाइलचा नुसता हेडर वाचून व्हर्शन ठरवण्यातला प्रकार हा. पुढे पट्टीत कोअर भागाचे प्रोब घातले, तेव्हा बरंच सुधारलं. खात्री हवी तर एनएस५बी हा भाग अक्षर-अक्षर वाचायचा.

नावांचा गोंधळ वेगळाच. ओकामोटोंचा 'दोन' म्हणजे सिमंड्सचा १बी! १९९४ मध्ये सगळ्यांनी बसून एकच पद्धत ठरवली, नाहीतर दोन लॅबचे रिपोर्ट जुळवणं म्हणजे डोक्याला ताप.

२०१६ मध्ये सगळ्या मुख्य प्रकारांवर चालणारी गोळी आली आणि बऱ्याच पेशंटच्या बाबतीत आधी प्रकार शोधायची गरज उरली नाही. शोध मात्र थांबला नाही. २०१८ मध्ये मूळच्या पंजाबच्या चार पेशंटमधल्या विषाणूचा क्रम वाचला, तर तो तोवरच्या सातांपैकी एकातही बसेना. त्याला नंबर मिळाला आठ.