आजोबांची कवळी आणि भिवंडीचा जुलै

मागच्या जुलैत आजोबांची नवी कवळी आली आणि पहिल्याच जेवणाला त्यांनी ती काढून ताटाशेजारी ठेवली. खालच्या हिरडीला एका जागी टोचत होती. ज्या लॅबमध्ये ती बनली, तिथल्या दादांनी सरळ सांगितलं, "मॉडेल ओलं होतं, घाईत घासलं गेलं." हिरडीचं प्लास्टरचं मॉडेल जिथे झिजलं, तिथे कवळीचं प्लास्टिक जाड झालं. बस, तेच टोचत होतं.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. मला वाटायचं, प्लास्टर घट्ट झालं म्हणजे काम झालं. म्हणून शोधत बसलो आणि थेट अठराव्या शतकात पोचलो.

1756 साली बर्लिनचे दंतवैद्य फिलिप फाफ यांनी लिहून ठेवलं, की मेणात तोंडाचं माप घ्यायचं आणि त्यात प्लास्टर ओतून मॉडेल करायचं. पण प्लास्टर घट्ट का होतं? त्याचं उत्तर 1765 मध्ये पॅरिसच्या अकादमीपुढे एका एकवीस वर्षांच्या पोराने दिलं. अंत्वान लाव्हाझिए! (मी एकविसाव्या वर्षी बॅकलॉग काढत होतो, ते असो.) जिप्सम भाजलं की त्यातलं पाणी उडतं, आणि त्या भुकटीला पाणी परत दिलं की ती पुन्हा दगड होते. पुढे ल शातेलिए यांनी दाखवलं, की भुकटी पाण्यात विरघळून तिचे सुईसारखे स्फटिक होतात. ते एकमेकांत अडकतात, म्हणून ते घट्ट.

म्हणजे पाण्याशिवाय कडकपणा नाही. पण गंमत पुढेच आहे. शंभर ग्रॅम भुकटीला रासायनिक गरज जेमतेम 18.6 ग्रॅम पाण्याची. साधं प्लास्टर कालवायला मात्र 45 ते 50 मिली लागतं, नाहीतर ते ओतलंच जाणार नाही. जास्तीचं पाणी स्फटिकांच्या मधे बसून राहतं. ते वाळून गेलं की मॉडेलची ताकद दुप्पट किंवा त्याहून जास्त होते. त्यातही शेवटचं एक-दोन टक्के पाणी फार महत्त्वाचं. हाताला कोरडं लागतं, पण आतून कच्चं असतं.

आता आपल्याकडचा जुलै घ्या. हवेतच ऐंशी टक्क्यांवर दमटपणा, मॉडेल वाळणार कधी? वर पोतं उघडं राहिलं की भुकटी हवेतलंच पाणी पिते. आधी ती नको तितकी लवकर घट्ट होते, आणखी सर्द झाली की उलट रेंगाळते, आणि मॉडेल कमजोर निघतं.

हे ऐकून आजोबा हसले. त्यांची हयात पॉवरलूमवर गेली. म्हणाले, "आम्हाला तर दमट हवाच लागायची रे, कोरड्या हवेत सुती धागा तुटतो."

दुसऱ्या वेळी दादांनी भुकटी घट्ट झाकणाच्या डब्यातून काढली आणि मॉडेल पूर्ण वाळेपर्यंत हात लावला नाही. कवळी आता नीट बसते. चकली मात्र आजोबा अजून चहात बुडवूनच खातात.