पुण्यांत छापलेला ‘इद्रा झुता’ आणि झोहार ग्रंथाचें कर्तृत्व

इ. स. १८८७ त पुणें येथें एक पुस्तक छापून प्रसिद्ध झालें. त्याची लिपि हिब्रू, भाषा अरबी, मूळ ग्रंथ अरामी भाषेंतला आणि विषय यहुदी लोकांची गूढविद्या. असे चार पडदे मध्यें असल्यामुळें पुण्याच्या मुद्रणेतिहासाच्या अभ्यासकांची दृष्टि त्यावर पडली नाहीं, यांत नवल नाहीं. त्या पुस्तकाचें महत्त्व मात्र लहान नाहीं. झोहार नामक जो यहुदी गूढविद्येचा मुकुटग्रंथ, त्यांतील ‘इद्रा झुता’ म्हणजे ‘लघुसभा’ या प्रकरणाचें तें भाषांतर होतें. भाषांतरकार अब्राहम डेव्हिड एझिकेल हे पुण्याचे बगदादी यहुदी व थिऑसॉफिकल सोसायटीचे सभासद होते.

येथें एक घोटाळा प्रथमच टाळला पाहिजे. कोंकणांतील बेने इस्राएल, ज्यांस आपल्याकडे शनवार तेली म्हणत, त्यांची घरची भाषा मराठी. त्यांच्यापैकीं जोसेफ एझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनीं हिब्रू प्रार्थना मराठींत आणिल्या. ते निराळे. प्रस्तुत एझिकेल हे ज्या समाजाचे, तो ससून घराण्याबरोबर मुंबई-पुण्यास आला. पुण्याच्या लष्कर भागांतील लाल देऊळ हें त्याचें प्रार्थनामंदिर होय. हे लोक अरबी बोलत, पण ती हिब्रू अक्षरांत लिहीत. फादर स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण इ. स. १६१६ त मराठी भाषेंत परंतु रोमन लिपींत छापलें गेलें, हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस या प्रकाराचें आश्चर्य वाटूं नये.

‘कब्बाला’ या हिब्रू शब्दाचा अर्थ ‘स्वीकारलेलें’, म्हणजे परंपरेनें हातीं आलेलें; आपल्याकडील ‘आम्नाय’ हा शब्द त्यास बराच जवळ आहे. अनंत व अवर्णनीय परमेश्वरापासून दहा ‘सेफिरोथ’ किंवा शक्ति प्रकटतात आणि त्यांच्या द्वारा जगाचा व्यवहार चालतो, असें हें शास्त्र सांगतें. झोहार म्हणजे तेज. दुसऱ्या शतकांतील रब्बी शिमोन बार योहाई यांच्या तोंडीं तो घातलेला आहे, व इद्रा झुतांत त्यांच्या अखेरच्या दिवसाचें कथन आहे: शिष्यांस रहस्यें सांगतां सांगतां ‘जीवन’ या शब्दापाशीं गुरूंची वाणी थांबली आणि रब्बी अब्बा लिहीत होते त्यांची लेखणीही थांबली.

परंतु हा ग्रंथ दुसऱ्या शतकांतला नव्हे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत स्पेनमधील कास्तील प्रांतीं तो प्रथम दृष्टीस पडला, आणि तो मोझेस द लेओन याच्याकडून बाहेर आला. मोझेस इ. स. १३०५ त वारला. आक्र येथील आयझॅक नामक पंडित त्याच सुमारास या ग्रंथाचा शोध करीत स्पेनांत आला असतां त्यास जी हकीकत कळली, ती हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं लक्षांत ठेवावी अशी आहे. आविला येथील एका धनिकानें मोझेसच्या विधवेस निरोप पाठविला कीं, मूळ प्राचीन पोथी द्याल तर तुमच्या कन्येशीं माझ्या मुलाचा विवाह करीन. विधवेनें शपथेवर सांगितलें कीं अशी पोथी कधींच नव्हती. पति आपल्याच डोक्यांतून लिहीत होता. ही साक्ष ऐकीव आहे, आयझॅकपर्यंत ती दोघांतिघांच्या तोंडून आली, हें खरें. म्हणून निर्णय भाषेवर सोडावा लागतो. झोहाराच्या अरामींत मध्ययुगीन हिब्रूची धाटणी उघड दिसते. आणि प्रार्थनामंदिरास स्पेन-पोर्तुगालकडे ‘एस्नोगा’ म्हणत, त्या शब्दाची फोड ‘एश नोगा’ म्हणजे ‘तेजस्वी अग्नि’ अशी त्यांत केलेली आढळते. दुसऱ्या शतकांतील पालेस्टिनी ऋषि पोर्तुगीज शब्दाची व्युत्पत्ति कसा सांगेल? जेकब एमडेन यानें इ. स. १७६८ त अशा शंका मांडल्या होत्या. गेरशोम शोलेम (१८९७–१९८२) यांनीं आरंभीं, इ. स. १९२५ त, प्राचीनत्वाच्या बाजूनें कौल दिला, पुढें पुरावा तपासून तो फिरविला, आणि इ. स. १९४१ च्या आपल्या ग्रंथांत मोझेस हाच मुख्य कर्ता ठरविला. अलीकडे येहुदा लीबेस यांनीं एका मंडळाचा हात त्यांत पाहिला आहे. तें मत मला अधिक पटतें, कारण एवढा विस्तृत ग्रंथ एकहातीं असणें कठीण. पुराणें व्यासांच्या नांवावर घालणाऱ्या परंपरेंत वाढलेल्या आपणांस अशा कर्तृत्वाचा विटाळ मानण्याचें कारण नाहीं. मात्र काळ ठरवितांना भक्तीस साक्षीदार करूं नये.

इ. स. १२९० त, शके १२१२ त, ज्ञानेश्वरी नेवासें येथें पूर्ण झाली. प्रस्तुत लेखक केडगावचा. नेवासें आमच्याच नगर जिल्ह्यांत. मोझेसचा आत्मविषयक हिब्रू ग्रंथ त्याच १२९० सालचा. म्हणजे एकाच वेळीं दोन ठिकाणीं परंपरागत गुह्य ज्ञान लेखणींत उतरत होतें, पण चाल अगदीं उलट. ज्ञानेश्वरांनीं संस्कृतांतील अर्थ लोकांच्या बोलींत, स्वतःचें नांव व शक घालून मांडला. मोझेसनें नवा अर्थ, आसपास कोणीही न बोलणाऱ्या जुन्या भाषेंत, दुसऱ्याच्या नांवें मांडला. त्यामुळें झोहारास जें पूज्यत्व आलें, तेंच पुढें त्याच्या प्रसारास आड आलें. इ. स. १५५८ ते १५६० च्या दरम्यान मांतुआ व क्रेमोना येथें तो छापला गेला तेव्हां हें गुह्य छापावें कीं नाहीं यावर इटलींतील रब्बींत कडाक्याचा वाद माजला. मांतुआच्या संपादकांनीं अनेक पोथ्या पडताळून पाठ सिद्ध केला. एकनाथांनीं शके १५०६ त ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तें काम यानंतर पंचवीस वर्षांच्या आंतलेंच.

एझिकेल यांनीं पुण्यांत नेवाशाची वाट धरली. बगदादी समाजांत त्यावर मोठें वादळ उठलें व रब्बींचा विरोध झाला. कारण समजण्यासारखें आहे. इद्रांत ईश्वरी मुखाच्या कपाळाचें, केशांचें, दाढीचें वर्णन आहे. अर्थ न कळतां अरामी पठण करणारास त्यापासून भय नव्हतें. तेंच घरच्या अरबींत वाचणारा निराकार देवास शरीर आहे असें समजेल, ही भीति होती. सगुणोपासनेंत वाढलेल्या मराठी वाचकास ही अडचण चटकन जाणवणार नाहीं. तरी मला वाटतें, रब्बींचा खरा आक्षेप अर्थाहून अधिक उघडेपणास होता. त्याच १८८७ सालीं लंडनमध्यें मॅथर्स यांनीं हेंच प्रकरण इंग्रजींत आणिलें. पण तें मुख्यतः क्नोर फॉन रोझेनरोथ यांच्या १६८४ च्या लॅटिन भाषांतरावरून. पुण्याचें भाषांतर मूळ अरामीवरून झालें. या दृष्टीनें तें लंडनच्या पुस्तकाच्या वरचढ मानावें लागेल, जरी जगांत नांव झालें तें लंडनच्या पुस्तकाचें.

आपल्या शास्त्रांशीं तुलना करण्याचा मोह अशा विषयांत फार होतो. हिब्रू अक्षरांस संख्यामूल्यें आहेत, आपल्याकडे कटपयादि पद्धति आहे. ‘जय’ हा शब्द कटपयादीनें अठरा होतो, आणि हिब्रूंतील ‘हाय’ (जिवंत) हाही अठरा. एवढ्यावरून कोणी दोहोंचें एक मूळ शोधूं पाहील तर तो योगायोगाच्या मागें लागेल. कटपयादि अंक स्मरणांत ठेवण्यासाठीं आहे. कब्बालिस्ट मात्र समान संख्येच्या शब्दांत गूढ संबंध पाहतो. ‘एहाद’ (एक) तेरा, ‘अहावा’ (प्रेम) तेरा, मिळून सव्वीस. आणि परमेश्वराच्या चतुरक्षरी नांवाची संख्याही सव्वीस. हेतु भिन्न म्हणून पद्धतीही भिन्न.

मुंबईंत जन्मलेले डेव्हिड सॉलोमन ससून (१८८०–१९४२) यांनीं हजारांहून अधिक हिब्रू हस्तलिखितें जमवून ‘ओहेल दाविद’ ही द्विखंड सूचि इ. स. १९३२ त प्रसिद्ध केली. तो संग्रह पुढें बहुतांशीं लिलावांत विखुरला, तरी सूचि असल्यामुळें पोथ्यांचा माग काढतां येतो. आपल्याकडे हिब्रू अक्षरांचें पुस्तक रद्दींत आलें तर तें ‘कसलें तरी बायबल’ म्हणून तागडींत पडतें. संग्राहकांनीं अशा पुस्तकाचें मुखपृष्ठ अवश्य पाहावें. साल तेथें बहुधा अक्षरांत असतें व हजारांचा अंक गाळलेला असतो. १८८७ म्हणजे यहुदी सन ५६४७, सप्टेंबराच्या उत्तरार्धापासून ५६४८. तेव्हां ताव (४००), रेश (२००), मेम (४०) आणि शेवटीं झायिन (७) किंवा हेथ (८) अशीं अक्षरें उजवीकडून डावीकडे दिसलीं, तर तें पुस्तक हातचें जाऊं देऊं नये.