जुनी नौका आणि नवी नौका

चंद्रभागेच्या वाळवंटांत पुंडलिकाच्या देवळाजवळ उभें राहिलें म्हणजे पाण्याच्या कडेला होड्यांची रांग दिसते. आषाढी-कार्तिकीला या होड्यांना क्षणाची उसंत नसते. एरव्हीं गोपाळपूर-विष्णुपदाकडे जाणारे चार यात्रेकरू मिळाले तरी नावाड्याचा दिवस साजरा होतो. सन १९८० मध्यें उजनीचें धरण पुरें झाल्यापासून नदीला पाणी केव्हां व किती यावें हें एकट्या पावसाच्या हातीं राहिलेलें नाहीं. कधीं काठोकाठ भरलेलें पात्र, तर कधीं चिखलांत रुतलेली होडी, अशा दोन टोकांमध्यें या लोकांचा संसार चालतो.

या रांगेंतील एका वृद्ध नावाड्याशीं माझा बरींच वर्षें परिचय आहे. सारा घाट त्यांना तात्या म्हणतो. मीही तसेंच म्हणतों. त्यांची होडी वडिलांच्या वेळची, सागवानी. कांहीं वर्षांपूर्वीं त्यांनीं ती वाळूंत ओढून उपडी घातली, कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसविल्या, फटींत कापूस ठासून वर डांबर दिलें, आणि महिन्याभराच्या कष्टानंतर होडी पुन्हां पाण्यांत सोडली. परवां एका उपाहारगृहाच्या मालकाची नजर तिच्यावर गेली. त्याला दारांत शोभेसाठीं जुनी लांकडी होडी हवी होती. ‘ही मला द्या, वर थोडी रक्कम घाला, आणि फायबरची नवी होडी घ्या,’ असा त्याचा सौदा. तात्यांनीं मला विचारलें, “सर, तुमी इतिहास शिकवता. सांगा, काय करू?”

प्रश्न साधा दिसला तरी तो फार जुना आहे. ग्रीक चरित्रकार प्लूटार्क सांगतो कीं, थीसियस ज्या नौकेंतून परत आला ती अथेन्सच्या लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेविली. एक फळी कुजली कीं तिच्या जागीं दुसरी बसवीत गेले. पुढें तत्त्ववेत्त्यांमध्यें वाद लागला, कीं ही नौका तीच कीं निराळी? वाद मोठा गमतीचा आहे, परंतु तो किनाऱ्यावर उभ्या असलेल्या प्रेक्षकाचा आहे. ज्याला तिच्यांत बसून पाण्यावर जावयाचें आहे, त्याचा प्रश्न वेगळा असतो: जुनी ठेवावी कीं देऊन टाकावी? या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर ज्यांनीं आपल्या प्राणांशीं गांठ घालून दिलें, अशा कांहीं जणांचा वृत्तान्त येथें सांगावयाचा आहे; आणि त्यांतील बहुतेक नौकांचा जन्म आपल्याच मुंबई-गोव्याच्या किनाऱ्यावरचा आहे.

पहिली नौका ‘सुहैली’. व्यापारी जहाजांवर नोकरी करणाऱ्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या तरुण इंग्रज अधिकाऱ्यानें ती मुंबईंत बांधविली. सन १९६४ च्या अखेरीस ती पाण्यांत उतरली. इराणच्या आखातांतील एका वाऱ्याचें नांव तिला दिलें. ती अवघी ३२ फूट लांब, अस्सल सागवानी. आणि तिचा आराखडा बांधतेवेळींच जुन्या वळणाचा होता. ती घेऊन तो सन १९६७ मध्यें इंग्लंडला पोंचला. त्या सुमारास कोठेंही न थांबतां एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची कल्पना त्याच्या मनानें घेतली. या कामीं सुहैली अपुरी असें त्याचें प्रथम मत होतें. तिला विकावें, कोणाकडून तरी साहाय्य मिळवावें आणि अधिक लांबीची पोलादी नौका बांधून घ्यावी, असा बेत ठरला. आराखडाही तयार झाला. पण पैसा उभा राहीना. शेवटीं निरुपाय म्हणून तो जुन्या नौकेकडेच वळला.

ता. १४ जून १९६८ रोजीं तो फाल्मथ बंदरांतून निघाला. थोड्याच दिवसांत कण्याजवळच्या सांध्यांतून पाणी आंत येऊं लागलें. त्यानें भर समुद्रांत बुडी मारून त्या फटींत कापूस भरला व वर तांब्याची पट्टी ठोकली. मध्येंच एक शार्क मासा घिरट्या घालूं लागला, त्यालाही त्यानें बंदुकीनें वारलें. ३१२ दिवसांनीं, ता. २२ एप्रिल १९६९ रोजीं, तो त्याच बंदरांत परत आला. शर्यतींत उतरलेल्या नऊ जणांपैकीं ती पुरी करणारा तो एकटाच. एकाकी, अखंड पृथ्वीप्रदक्षिणेचा पहिला मान असा मुंबईच्या सुतारांनीं घडविलेल्या नौकेला मिळाला.

याच शर्यतींतील दुसरें चित्र करुण आहे. डोनल्ड क्रोहर्स्ट यानें मात्र नवी नौका मिळविली. तीन सांगाड्यांची, वेगवान, नव्या युक्त्यांनीं सजविलेली अशी ती होणार होती. पण काम घाईंत उरकलें. निघण्याची शेवटची मुदत ता. ३१ ऑक्टोबर १९६८. त्याच दिवशीं अर्धवट सज्ज नौका घेऊन तो निघाला. गळती लागली. पुढें जावें तर मृत्यु, मागें फिरावें तर दिवाळें, अशा कात्रींत सांपडून तो आपल्या ठावठिकाण्याच्या खोट्या बातम्या धाडीत राहिला. जुलै १९६९ मध्यें नौका सांपडली. आंत माणूस नव्हता. नॉक्स-जॉन्स्टननें बक्षिसाचे ५,००० पौंड त्याच्या कुटुंबाला देऊन टाकले.

या दोन कथा शेजारीं ठेविल्या म्हणजे ‘जुनें तें सोनें’ असा निष्कर्ष जिभेच्या टोकावर येतो. परंतु तो घाईचा होईल. गळती दोघांच्याही नौकांना होती. भेद एवढाच, कीं एकाला आपल्या नौकेची खोड ठाऊक होती. मुंबईहून केपमार्गें इंग्लंडला येतांना त्यानें तिचा सांधा न् सांधा ओळखला होता. दुसऱ्याला आपल्या नौकेचे दोष भर समुद्रांत प्रथम कळले. विजय जुनेपणाचा नव्हता, ओळखीचा होता.

निव्वळ जुनेपणावर भरंवसा ठेवल्यास काय होतें, हें दुसऱ्या एका जहाजाच्या इतिहासावरून दिसतें. नेल्सनचें निशाण ज्यावर कांहीं काळ फडकलें तें ‘फूद्रोयां’ जहाज सन १८९२ मध्यें जर्मन मोडवाल्यांना विकलें गेलें. इंग्लंडांत हळहळ झाली. कॉब नांवाच्या एका धनिकानें तें परत विकत घेतलें, पुष्कळ खर्च करून पूर्वीसारखें सजविलें, आणि लोकांना दाखवीत बंदरोबंदरीं नेलें. पण ता. १६ जून १८९७ रोजीं ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळ आलें व तें डौलदार जहाज किनाऱ्याला लागून फुटलें. डागडुजी केलेल्या जहाजाला कीर्ति परत मिळते; परंतु उघड्या किनाऱ्यावर तीच कीर्ति नांगराचें काम करीत नाहीं.

कॉबनें मग काय केलें? त्यानें नवें जहाज बांधविलें नाहीं. मोडीच्या वाटेवर असलेलें ‘त्रिंकोमाली’ हें दुसरें जुनें जहाज त्यानें त्याच वर्षीं घेतलें. हें जहाज मुंबईच्या गोदींत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखालीं बांधलें जाऊन ता. १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं पाण्यांत उतरलें होतें. पुढें अनेक वर्षें त्यावर मुलांना नौकानयनाचें शिक्षण मिळालें. सन २००१ मध्यें हार्टलपूल येथें त्याचा जीर्णोद्धार पुरा झाला आणि दोनशें वर्षें उलटून गेल्यावरही तें तरंगत आहे. याचें रहस्य मलबारच्या सागांत आहे. ओकच्या लांकडांतील आम्ल लोखंडी खिळ्यांना खातें. सागांतलें तेल उलट त्यांचें रक्षण करतें. म्हणजे जहाज किती वर्षांचें यापेक्षां तें कशाचें, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा.

त्याच्याही पुढचा प्रश्न म्हणजे, तें कोणत्या पाण्यासाठीं? आपल्या आंग्र्यांच्या आरमारांतील गुराबा व गलबतें इंग्रजांच्या अवजड जहाजांपुढें लहान दिसत. पण तीं उथळ पाण्यांत शिरत, वारा पडला तर गलबतें वल्ह्यांवर चालत, आणि कोंकणच्या खाड्यांत मोठ्या जहाजांना त्यांचा पाठलाग करवत नसे. सन १७५६ मध्यें विजयदुर्गाच्या बंदरांत तुळाजीचें आरमार जळालें, तें तेथें अडकून पडल्यामुळें आणि पेशवे व इंग्रज एक झाल्यामुळें. नौकांची घडण वाईट होती म्हणून नव्हे.

आतां आपल्या काळाकडे येऊं. भारतीय माणसानें शिडाच्या नौकेंतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. निवृत्तीनंतर ते फलटणजवळ विंचुर्णी येथें राहत. ज्या फलटणाला माउलींच्या पालखीचा मुक्काम असतो तेंच हें फलटण. समुद्राचें एवढें मोठें स्वप्न माणदेशाच्या उंबरठ्यावर जोपासलें गेलें, ही गोष्ट आम्हां नदीकांठच्या लोकांना विशेष आनंद देणारी आहे. त्यासाठीं गोव्यांत दिवाडी येथें रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत ‘म्हादेई’ ही ५६ फुटी नौका तयार झाली व सन २००९ मध्यें नौदलांत दाखल झाली. तिच्यांतून दिलीप दोंदे यांनीं सन २००९-१० मध्यें टप्प्याटप्प्यानें, व अभिलाष टॉमी यांनीं सन २०१२-१३ मध्यें न थांबतां, पृथ्वीप्रदक्षिणा केली. पुढें सन २०१७ मध्यें ‘तारिणी’ आली. सहा महिला अधिकाऱ्यांनीं वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखालीं तिच्यांतून २५४ दिवसांची प्रदक्षिणा मे २०१८ मध्यें पुरी केली. ही दुसरी नौका पहिलीच्याच आराखड्यावर, त्याच कारखान्यांत बांधलेली. जुनीनें शिकविलेलें सारें नवीच्या कामीं आलें. नव्याचा स्वीकार करण्याची याहून शहाणपणाची रीत मला ठाऊक नाहीं.

याच टॉमींच्या चरित्रांत आमच्या प्रश्नाचें सर्वांत बोलकें उदाहरण आहे. नॉक्स-जॉन्स्टनच्या शर्यतीला ५० वर्षें झालीं म्हणून सन २०१८ मध्यें तशीच शर्यत जुन्या साधनांनिशीं पुन्हां भरविली गेली. टॉमींनीं तिच्यासाठीं सुहैलीची प्रतिकृति असलेली ‘तूरीया’ नौका गोव्यांत बांधवून घेतली. ता. २१ सप्टेंबर २०१८ रोजीं दक्षिण हिंदी महासागरांतील वादळांत ती उलथली, डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली. तिसऱ्या दिवशीं एका फ्रेंच जहाजानें त्यांना वांचविलें. सन २०२२ च्या पुढील शर्यतींत मात्र त्यांनीं ‘रस्लर ३६’ या फायबरच्या जातीची नौका निवडली आणि ता. २९ एप्रिल २०२३ रोजीं ते दुसरे आले.

येथें पुन्हां उलट्या बाजूची घाई करूं नये. ज्या वादळानें तूरीया मोडली त्यानेंच शेजारच्या एका स्पर्धकाची फायबरची नौकाही मोडली. त्याच शर्यतींत रस्लर जातीची एक नौका पहिली आली, तर त्याच जातीची दुसरी दक्षिण समुद्रांत उलथून डोलकाठी गमावून बसली. समुद्र जात पाहत नाहीं आणि वयही पाहत नाहीं. यशस्वी नौकेची नक्कल करतां येते, परंतु तिच्या धन्यानें तिच्याशीं जोडलेला परिचय त्या नकलेबरोबर येत नाहीं, एवढेंच यांतून घ्यावयाचें.

हा सारा इतिहास मीं घाटाच्या पायरीवर बसून तात्यांना सांगितला, आणि प्राध्यापकाच्या संवयीनें तीन कसोट्याही काढून दिल्या. नौकेच्या खोडी आपल्याला ठाऊक आहेत काय? ज्या पाण्यांत जावयाचें त्याला ती योग्य आहे काय? आणि ती मोडली तर दुरुस्त करणारे हात जवळ आहेत काय? तात्यांची होडी पहिल्या दोन कसोट्यांना पुरेपूर उतरत होती. तिसरीविषयीं ते म्हणाले, ज्या सुतारानें फळ्या बसविल्या तो आतां थकला आहे व त्याचा मुलगा पुण्याला दुसऱ्या धंद्यांत आहे. तरीसुद्धां, खरें सांगावयाचें तर, माझें मन जुन्या होडीकडेच झुकलें होतें. सुहैलीच्या कथेनें मला मोहविलें होतें. “तात्या, देऊं नका,” मी म्हणालों.

तात्या बराच वेळ पाण्याकडे पाहत बसले. मग म्हणाले, “सर, तुमचा तो सायेब येकटाच व्हता. बुडाला असता तर त्यो बुडाला असता. माझ्या नावंत दुसऱ्याची ल्येकरं बसत्यात. माझं हात आता पयल्यासारखं न्हाईत. पानी भरलं तर मी बुडी मारून फट बुजवनार हाय का?”

या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. मीं सांगितलेले बहुतेक वीर आपला प्राण पणाला लावून निघाले होते. त्यांच्या नौका त्यांच्या होत्या आणि धोकाही त्यांचा होता. नावाड्याचें तसें नाहीं. तो पलीकडे पोंचविण्याचें वचन देऊन दुसऱ्याला आंत घेतो. ज्याच्या हातीं परक्यांचे जीव आहेत त्यानें आपल्या प्रेमाला दुसरी जागा द्यावी, ही चौथी कसोटी माझ्या पुस्तकांतून मला मिळाली नाहीं. ती त्या पायरीवर मिळाली.

होडी गेली. ती आतां एका उपाहारगृहाच्या दारांत फुलझाडांच्या कुंड्या घेऊन उभी आहे. तिच्याकडे पाहून मला अजून वाईट वाटतें. नवी होडी हलकी आहे, तात्यांच्या नातवालाही ती वल्हवितां येते. मीं तिच्यांतून विष्णुपदापर्यंत जाऊन आलों. वल्हीं मात्र ओळखीचीं दिसलीं, म्हणून विचारलें. सौद्यांत तीं तात्यांनीं दिलींच नव्हतीं. “तेवढी नवीला बसत्यात,” ते म्हणाले, आणि नातवाला पाण्याचा ओढा कोठें आहे तें दाखवूं लागले.