ढगातल्या धुराचं कूळ

कृत्रिम पाऊस म्हटलं की आपल्याला दुष्काळ, विमान आणि 'पैसे पाण्यात' हे तिन्ही एकदम आठवतं. 2015 साली औरंगाबादहून अशी विमानं उडाली होती. अशा विमानांतून सोडतात त्या सिल्व्हर आयोडाइडच्या धुराचं कूळ मात्र न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीचं, जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेतलं.

तिथला व्हिन्सेंट शेफर हा शाळा अर्धवट सोडून कारखान्यात उमेदवारी केलेला माणूस. 1946 मध्ये तो काळ्या मखमलीचं अस्तर लावलेल्या फ्रीजरमध्ये श्वास सोडायचा आणि तयार होणारं धुकं दिव्याच्या झोतात बघत बसायचा. धुकं शून्याखाली जाई, पण गोठत नसे. त्यात नवल नाही. शुद्ध पाण्याचे बारीक थेंब उणे 38 अंशांच्या आसपासपर्यंत पाणीच राहतात. बर्फाची सुरुवात व्हायला कशाचा तरी आधार लागतो. शेफरने नाना प्रकारच्या पुडी टाकून पाहिल्या. शेवटी जुलैतल्या एका उकाड्याच्या दिवशी फ्रीजर नीट गार होईना, म्हणून त्याने आत कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) ठेवला आणि धुक्यात लाखो स्फटिक चमकले.

पण ती करामत निव्वळ थंडीची होती. आधाराचा प्रश्न सोडवला त्याचा सहकारी बर्नार्ड व्हॉनेगटने (कादंबरीकार कर्टचा थोरला भाऊ). त्याने स्फटिकांचे तक्ते चाळून बर्फाशी रचना जुळणारे पदार्थ निवडले. सिल्व्हर आयोडाइडच्या अणूंमधलं अंतर बर्फापेक्षा जेमतेम दीडेक टक्क्याने जास्त. तरी पहिला प्रयोग फसला, कारण नमुनाच अशुद्ध होता. शुद्ध नमुन्याच्या धुराने नोव्हेंबरमध्ये काम फत्ते केलं.

'मापं जुळली की बर्फ धरतो' हा हिशेब मग पुस्तकांत पक्का बसला. माझ्या मते व्हॉनेगटचं उत्तर बरोबर होतं, कारण मात्र अर्धंच. पुढे संगणकावर पाहिलं तर चांदीचे अणू वर असलेल्या बाजूवर बर्फ धरला, आयोडीनच्या बाजूवर नाही. अंतरं दोन्हीकडे तीच! मग 2016 मध्ये कार्ल्सरूहच्या संशोधकांनी वाळवंटी धुळीतलं, असाच बर्फ धरणारं फेल्डस्पार हे खनिज इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. सपाट पैलूंवर नव्हे, तर पायऱ्या, भेगा आणि खळग्यांमध्ये बर्फ उगवला, आणि सगळे स्फटिक एकाच दिशेने तोंड करून. त्या खाचांमध्ये खनिजाचा एरवी फारसा उघडा न पडणारा एक पैलू डोकावत होता, आणि बर्फ त्यालाच धरत होता.